लकव्यानंतर डावीकडचे दिसत का नाही?

उजव्या मेंदूला झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या घरचे लोक बऱ्याचदा एक गोष्ट सांगतात. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना वाटते, आवडत नसेल. ताट फिरवून ठेवा. रुग्ण तीच कोशिंबीर खाईल आणि आता डावीकडे गेलेली भाजी ताटात राहील.

अशा वेळी आधी चष्म्याचा नंबर तपासला जातो, मोतीबिंदूची शंका घेतली जाते. तपासणी करायला हरकत नाही, पण दोष बहुतेक वेळा डोळ्यात नसतोच.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका क्षणी आपल्याला खरोखर बारीक आणि स्पष्ट दिसते ते साधारण तेवढ्याच जागेत, बाकी सगळे अंधुक. ही उणीव भरून काढण्यासाठी डोळे सेकंदाला तीनेक वेळा इकडून तिकडे उड्या मारतात. पुढची उडी कुठे, हे ठरवण्यात मोठा वाटा असलेले एक केंद्र मेंदूच्या पुढच्या खंडात, दोन्ही बाजूंना असते. उजवे केंद्र नजर डावीकडे वळवते, डावे उजवीकडे.

डोळ्यांनी टिपलेले चित्र मात्र डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागात पोहोचते. तिथून माहिती पुढे जाते हे सहज समजते. पण पुढून मागेही संदेश येतात. अमेरिकेतील टिरिन मूर आणि कॅथरीन आर्मस्ट्राँग यांनी माकडांच्या नजर वळवणाऱ्या केंद्राला अगदी सौम्य विद्युतप्रवाह दिला, इतका सौम्य की डोळे हललेही नाहीत. तरीही त्या जागेचे चित्र टिपणाऱ्या मागच्या पेशी जास्त जोमाने प्रतिसाद देऊ लागल्या. हा प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नजर कुठे वळवायची हे ठरवणारे केंद्रच, कशाची दखल घ्यायची हेही मागच्या भागाला सांगत असते.

जालन्याच्या वाचकांना हे लगेच पटेल. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. दोन्हीकडची दुकाने उघडी असली तरी पूल बंद पडले की व्यवहार अडतो. मेंदूतही असे पूल, म्हणजे मज्जातंतूंचे जुडगे असतात. पॅरिसमधील डॉक्टरांनी रुग्ण जागा असताना केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत मधल्या आणि पुढच्या खंडांना जोडणाऱ्या अशाच जुडग्याचे काम विजेने क्षणभर थांबवले, तेव्हा रेषेचा मध्य दाखवताना रुग्णाची खूण उजवीकडे सरकली. हे निरीक्षण 2005 मधले.

डावीकडचे न दिसण्याचे मुख्य प्रकार दोन. मागच्या दृष्टीच्या भागाला इजा झाली असेल तर अर्धी नजर जाते. अशा रुग्णाला बहुधा ते कळते आणि मान वळवून पाहायला तो शिकतो. दुसऱ्या प्रकारात डाव्या बाजूचे भानच सुटते. काही राहून गेले आहे हेच त्याला जाणवत नाही, म्हणून “नीट बघा ना” असे रागावण्याचा उपयोग नसतो. कधी दोन्ही प्रकार एकत्रही असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. एखाद्याचे दोन्ही डोळे अचानक एकाच बाजूला ओढले गेले आणि विरुद्ध बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. उजवे केंद्र बंद पडले की डाव्याचा जोर उरतो, डोळे उजवीकडे जातात आणि डावा हात उचलत नाही. (फिट चालू असताना दिशा बहुधा उलटी असते.) लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. सीटी आणि हे इंजेक्शन कुठे मिळेल, हे फोनवरच विचारून घ्या. छत्रपती संभाजीनगरला जायचे ठरले तर साठेक किलोमीटरचा रस्ताही याच साडेचार तासांतून जातो. घरी ॲस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका, ठसका लागू शकतो.

झटका ओसरल्यानंतर घरी बरेच काही करता येते. बोलताना डावीकडे बसा, हळूच डावा हात धरा, नजर वळेपर्यंत थांबा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा; प्रत्येक ओळ वाचण्याआधी ती पट्टी शोधायची. गरम चहा डावीकडे ठेवू नका. पहिल्या काही महिन्यांत अनेकांमध्ये चांगली सुधारणा होते.

दुचाकी मात्र लांब ठेवा. “मला सगळे दिसते” असे रुग्ण अगदी मनापासून सांगेल, पण नवीन जालन्याच्या बाजारात डावीकडून आलेली रिक्षा त्याच्या लेखी नसतेच. किल्ली परत देण्याआधी दृष्टिक्षेत्राची आणि लक्ष देण्याच्या क्षमतेची, अशा दोन्ही तपासण्या करून घ्या.