शेततळ्यात नजर किती खोल जाते?

शेततळ्याच्या काठावर उभे राहून ‘पाणी चांगले आहे’ किंवा ‘पाणी बिघडले’ असे आपण सहज बोलून जातो. मीही बोललो होतो. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याने मला त्याचे तळे दाखविले. कटला आणि रोहू सोडलेले, पाणी हिरवेगार. ‘सर, रंग कसा आलाय?’ त्याने विचारले. ‘छान’, असे मी म्हणालो. आठवड्याने तीन दिवस आभाळ भरून राहिले आणि चौथ्या दिवशी पहाटे तळ्यात मेलेली मासळी तरंगत होती. त्या दिवशी मी रंग पाहिला, पण त्या हिरव्या पाण्यात नजर किती सेंटीमीटर आत जाते हे मोजले नाही. मोजायला पाच मिनिटे लागली असती.

याचे साधन अगदी साधे आहे. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या नौदलाच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तेव्हापासून तिला सेक्की तबकडी म्हणतात. ती गावातही तयार होते. २० सेंमी व्यासाचा गोल पत्रा कापून घ्यावा. त्याचे चार समान भाग पाडून समोरासमोरचे दोन काळ्या व दोन पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवावेत. मध्यभागी छिद्र पाडून दोरी ओवावी आणि तबकडी आडवी राहून सरळ खाली जाईल असे वजन खालच्या बाजूस बांधावे. दोरीवर तबकडीपासून दर ५ सेंमीवर खूण करावी. दोरी नायलॉनची चालते. सुतळी भिजल्यावर आखडते, मग खुणा चुकतात.

मोजणी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत, ऊन असताना करावी. पाण्यावर चकाकी नसेल अशा सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडावी. ती दिसेनाशी झाली की पाण्याच्या पातळीशी दोरीवरील आकडा पाहावा. नंतर थोडी आणखी खाली सोडून सावकाश वर ओढावी आणि पुन्हा दिसू लागताच आकडा पाहावा. पहिला ४० आणि दुसरा ३६ आला, तर पारदर्शकता ३८ सेंमी धरावी. शक्यतो दर वेळी एकाच माणसाने, एकाच जागी मोजावे. एकदा माझा आणि एका शेतकऱ्याचा आकडा काही केल्या जुळेना. शेवटी लक्षात आले, की माझा चष्मा उन्हात काळा होणारा होता. तो काढल्यावर आकडे जुळले! प्लॅस्टिक अस्तराच्या काठावरून वाकून मोजू नये, पाय सहज घसरतो. काठावर भक्कम बसविलेल्या फळीवरून किंवा पायऱ्यांवरून मोजावे.

तबकडी हाताशी नसेल तर आपली जुनी मापे आहेतच. वीत म्हणजे सुमारे २३ सेंमी आणि हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंमी. हात सरळ खाली बुडवावा आणि बोटे कोठे दिसेनाशी होतात ते पाहावे. मत्स्यशेतीच्या तळ्यात ३० ते ४० सेंमी पारदर्शकता चांगली मानतात. म्हणजे वितेपेक्षा जास्त आणि हातापेक्षा थोडी कमी. ६० सेंमीच्या पुढे गेली तर माशांचे नैसर्गिक खाद्य कमी आहे असे समजावे. शिवाय ऊन तळापर्यंत पोहोचून मातीच्या तळ्यात पाणवनस्पती माजतात. २० सेंमीच्या खाली आली आणि पाणी हिरवे असेल, तर सावध व्हावे. तळे फक्त ठिबकसाठी असेल तर हे आकडे लागू नाहीत. तेथे पाणी जितके नितळ तितके गाळणीला बरे.

हिरव्या पाण्याचा धोका कोठे असतो ते समजून घेऊ. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र ते स्वतः, मासे आणि तळाचा गाळ असे सगळेच प्राणवायू वापरतात. म्हणून पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. शेवाळ दाट असले की ऊन वरच्या थरातच अडते आणि खालच्या पाण्यात प्राणवायू तयारच होत नाही. उन्हाचा उपयोग साधारणपणे तबकडीच्या आकड्याच्या दुप्पट खोलीपर्यंत होतो. आकडा १५ सेंमी असेल, तर ३ मीटर खोल तळ्यात वरचे फूटभर पाणीच कामाचे! त्यात दोन-तीन दिवस ढगाळ गेले की दिवसाची कमाईही बुडते. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडू लागले तर पंपाने तळ्यातील पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत सोडावे, शक्य असल्यास ताजे पाणी द्यावे आणि खाद्य व शेणखत लगेच थांबवावे. अशा वेळी मोरचूद टाकण्याची घाई करू नये. सगळे शेवाळ एकदम मरून कुजते आणि उरलेला प्राणवायूही संपवते.

पाणी गढूळ दिसले म्हणजे ते शेवाळानेच, असे नाही. काचेच्या पांढऱ्या बाटलीत पाणी भरून उजेडासमोर धरावे. हिरवट झाक आणि बारीक कण हलताना दिसले तर शेवाळ व सूक्ष्म जीव. सगळीकडे सारखाच तांबूस किंवा राखी धूसरपणा असेल तर माती. पाणी आरपार दिसते पण चहासारखे आहे, तर झाडांचा पाला कुजला आहे. बाटली रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी तळाशी थर बसला तर तो जाडसर गाळ होता आणि तो तळ्यातही बसेल. पाणी तसेच धूसर राहिले तर ती चिकणमाती. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असून त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि महिनोन् महिने तरंगत राहतात. ठिबकच्या गाळणीतूनही ते निसटतात आणि नळीच्या टोकाशी साचतात. म्हणून अशा पाण्यावर नळ्यांची टोके वरचेवर उघडून धुवावीत.

चिकणमाती बसविण्यासाठी तुरटी चालते, पण अंदाजाने टाकू नये. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवावी. तळ्याच्या पाण्याच्या चार बादल्या, प्रत्येकी १० लिटर, भराव्यात. तीन बादल्यांत या द्रावणाचे अनुक्रमे २५, ५० व ७५ मिली मिसळून ढवळावे, चौथीत काही टाकू नये. तासाभरात ज्या सर्वांत कमी मात्रेने पाणी निवळले तीच मात्रा घ्यावी. २५ मिलीने निवळले तर हजार लिटरला २५ ग्रॅम तुरटी पुरते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या पूर्ण भरलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते, म्हणजे ५५ किलो तुरटी लागेल. तुरटीने पाण्याचा सामू उतरतो. मासे असतील तर आधी पाणी तपासून घ्यावे. जिप्समने सामू असा उतरत नाही, मात्र ते दहापट लागते आणि परिणामही सावकाश दिसतो. आणि हे सगळे करण्यापूर्वी म्हशी तर तळ्यात डुंबत नाहीत ना, हे पाहावे. सायप्रिनस मासाही तळ उकरून पाणी गढूळ करतो.

आता एक गोष्ट तळ्यात उतरणाऱ्यांसाठी. फूटव्हॉल्व्ह अडकला की कोणीतरी पट्टीचा पोहणारा बुडी मारतो. तबकडीचा आकडा ही वरून, भर उन्हात, न हललेल्या पाण्यातील नजर असते. तळाशी उजेड नसतो आणि पाय लागताच गाळ उठतो. मग तबकडी ४० सेंमीपर्यंत दिसणाऱ्या पाण्यातही स्वतःचा हात दिसत नाही. दोरी किंवा पाइपात पाय गुंतला तर सोडविता येत नाही आणि वर यावे तर अस्तराचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो. म्हणून फूटव्हॉल्व्ह तळाशी ठेवूच नये. बंद रिकाम्या ड्रमला बांधून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-अडीच फुटांवर तरंगता ठेवावा, म्हणजे दुरुस्तीसाठी ड्रम दोरीने काठाला ओढता येतो. गाळही कमी खेचला जातो. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडावेत.

मत्स्यतळ्याची मोजणी आठवड्यातून दोनदा पुरते. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, पाण्याचा रंग आणि आभाळ कसे होते ते लिहावे. आकडा आठवड्यात ३५ वरून २५ वर आला तर २० ची वाट पाहू नये. त्याच दिवशी शेणखत बंद करावे, खाद्य निम्मे करावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः तळ्यावर जाऊन मासे वर येतात का ते पाहावे.