तांबड्या पेशीचे १२० दिवस

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातील तांबड्या पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात, दर सेकंदाला सुमारे २० लाख! ही पेशी गोल, चपटी, मध्ये दबलेली आणि लवचीक असते. स्वतःपेक्षा अरुंद रक्तवाहिनीतूनही ती अंग दुमडून निघून जाते. फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोहोचवणे हे तिचे काम. सुमारे १२० दिवसांनी ती जीर्ण होते, मोडली जाते आणि तिच्यातील लोह शरीर नव्या पेशींसाठी पुन्हा वापरते.

प्राणवायू वाहून नेते ते पेशीतील हिमोग्लोबिन. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातील फक्त सहावा दुवा बदलला की सिकलसेल होतो. अशी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकडी व ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडते, हाडे-सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार ताप येतो.

विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही हा आजार आढळतो, म्हणूनच आम्ही हा विषय घेतला आहे. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते, ते त्याला सांभाळते. पाच-सहा महिन्यांनंतर त्रास दिसू लागतो आणि घरात ‘लेकराला नजर लागली’ असे म्हटले जाते. ही नजर नव्हे, कुणाचे पापही नव्हे. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो. एकट्या सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे.

हिशेब समजून घेऊ. एकाच पालकाकडून दोष आला तर ती व्यक्ती ‘वाहक’ (एएस). तिला बहुधा काहीच त्रास नसतो. उलट वाहकाला गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळेच. पण दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि निर्दोष असण्याची २५ टक्के. जोडीदाराचे हिमोग्लोबिन पूर्ण सामान्य असेल तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. म्हणून वाहक मुलीचे वा मुलाचे स्थळ नाकारण्याचे कारण नाही. दोघांचे अहवाल पाहणे तेवढे आवश्यक आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा. पहिल्या तपासणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करून घ्यावी. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याने दिवस राहताच डॉक्टरांना भेटावे. गर्भाची तपासणी करता येते.

घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, अतिश्रम टाळा. ताप आला किंवा श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात, मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.

लग्न ठरवताना आपण शिक्षण पाहतो, नोकरी पाहतो. त्यासोबत रक्ताचा अहवालही मागू या आणि आपला आधी दाखवू या.