ज्युदो: मास्तरांनी घडवलेली कुस्ती

मुलीला ज्युदोच्या क्लासला घातलंय म्हटलं की समोरचा हमखास तळहाताची कड हवेत आपटून दाखवतो. "म्हणजे विटा फोडायच्या ना?" खुलासा करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण परवा क्लासबाहेर बाकावर बसलेल्या आम्हा पालकांतच एकाने ठासून सांगितलं की ज्युदो अडीच हजार वर्षांचा आहे आणि बौद्ध भिक्खूंनी तो आपल्याकडूनच जपानला नेला. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

अडीच हजार सोडा, ज्युदो दीडशे वर्षांचाही झालेला नाही. १८८२ साली, म्हणजे पुण्यात 'केसरी' निघून जेमतेम वर्ष झालं असताना, तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत तो सुरू झाला. मंदिराचा संबंध एवढाच की जागा भाड्याची होती. भिक्खूंचा हातभार म्हणाल, तर आदळआपटीने जमीन हादरते म्हणून त्यांनी केलेल्या तक्रारी! सुरू करणारे जिगोरो कानो विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले एकविशीतले तरुण. पहिले शिष्य नऊ. संस्थेचं नाव कोडोकान.

भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या भिक्खूचं नाव घेणारे इथे हटकून आडवे येतात. बोधिधर्माने शाओलिनला युद्धकला शिकवली ही कथाच फार उशिरा, सतराव्या शतकाच्या आसपास जोडलेली. आणि ज्युदोची वंशावळ तर तिकडून जातच नाही. ती जाते जपानी सामुराईंच्या जुजुत्सूकडे. प्रवास झाला तो उलट दिशेने. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ताकागाकी शिन्झो या जपानी प्रशिक्षकाला शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आणलं.

मात्र "ज्युदो म्हणजे सामुराईंचीच विद्या" हेही अर्धंच खरं. १८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य वाट धरली आणि जुजुत्सू अडगळीत गेली. तिचे उस्ताद पोटासाठी हाडं बसवू लागले. शाळेत दांडग्या पोरांचा मार खाणारे, अंगाने किरकोळ कानो गुरूच्या शोधात निघाले ते हाडवैद्यांच्या पाट्या वाचत. आपल्याकडे तालमीतला वस्ताद निखळलेला खांदा बसवायचा, त्यामुळे मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. कानोंना भेटलेले फुकुदा हाचिनोसुके असेच हाडवैद्य. एकदा कानोंनी त्यांना विचारलं, हा डाव नेमका करायचा कसा? उत्तरादाखल फुकुदांनी त्यांना पाडलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पाडलं. करता करता येईल, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मला ज्युदोचा खरा उगम या प्रसंगात दिसतो. कानोंचं समाधान झालं नाही. डाव का लागतो, हे त्यांना शब्दांत हवं होतं. पुढे दोन परंपरांमधलं घेऊन, घातक ते स्पर्धेबाहेर ठेवून, त्यांनी डावांची क्रमवार मांडणी केली. १८९५ मध्ये फेकीच्या डावांचे पाच गट पाडले. कानो पेशाने शिक्षकच होते. शिक्षक घडवणाऱ्या तोक्योच्या उच्च विद्यालयाचे ते कित्येक वर्षं प्राचार्य होते.

आता 'जु' या शब्दाचा घोळ. त्याचा अर्थ मऊ, नमतं घेणारं. त्यावरून "ज्युदोला ताकद लागतच नाही" असा समज पसरला. कानो हिशोब मांडत तो असा: समोरच्याचं बळ दहा, माझं सात. तो ढकलतोय. मी पाय रोवून उभा राहिलो तर हरणारच. पण ढकलतोय त्याच दिशेला मी सरकलो तर त्याचा तोल जातो, आणि त्या क्षणी त्याच्याकडे जेमतेम तीन उरतात. माझे सात शाबूत. या तोल मोडण्याला कुझुशी म्हणतात.

पण हिशोब चालतो तो समोरच्याला तोच हिशोब येत नसेल तोवर. दोघंही तयारीचे असले की वजन बोलतं, म्हणून तर १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला तो वजनगटांसकट. एक गट मात्र सर्वांसाठी खुला होता. लहान मोठ्याला पाडतो हे जगाला तिथे दाखवायचं, अशी जपानची उमेद. अंतिम लढतीत धिप्पाड डच मल्ल आंतोन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला चटईवर दाबून धरलं आणि घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण नेलं. आनंदाने चटईकडे धावणाऱ्या आपल्याच देशबांधवांना त्याने हात वर करून थांबवलं. "ज्युदोत जपानीच जिंकतात" हा समज त्या दिवशीच निकालात निघाला.

आता त्या विटा फोडणाऱ्या कराटेचं थोडक्यात सांगतो. ते ओकिनावाचं, ठोसे-लाथांचं. ज्युदोच्या स्पर्धेत मारणं नाही. पकडणं, फेकणं, दाबून धरणं. प्रतिस्पर्ध्याला जोरात, वेगात पाठीवर पाडलं की इप्पोन, कुस्ती खलास. धोबीपछाड पाहिलेल्याला ज्युदोचा खांद्यावरून फेकण्याचा डाव ओळखीचाच वाटेल. गोंधळ होतो तो पांढऱ्या पोशाखामुळे, आणि तो पोशाख व पट्टे कराटेवाल्यांनी ज्युदोकडूनच उचलले.

पट्ट्यांवरून आठवलं. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं मळून काळा होतो, ही गोड दंतकथा आहे. काळा पट्टा कोडोकाननेच १८८० च्या दशकात आणला. मधले रंगीत पट्टे युरोपात रुजले. आणि काळा पट्टा म्हणजे पारंगतही नव्हे. पहिल्या काळ्या पट्ट्याला म्हणतात 'शोदान', सुरुवातीची पायरी. पुढे सहाव्या दानपासून, म्हणजे सहाव्या श्रेणीपासून, लाल-पांढरा पट्टा, नवव्यापासून लाल.

पालक क्लासमध्ये शिरले की प्रशिक्षकाच्या कमरेकडे पाहतात ते काळा पट्टा म्हणजे पारंगत, याच समजातून. दान स्वतःच्या खेळाचा असतो, शिकवण्याचा नव्हे. शिकवण्याचं शिक्षण वेगळं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यासाठी अभ्यासक्रम आहे. आमच्या क्लासचे सर (सेन्सेई वगैरे इथे कोणी म्हणत नाही) पहिले दोन महिने एकाही पोराला डाव दाखवत नाहीत. फक्त उकेमी, म्हणजे पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून थोडा दूर आणि पूर्ण तळव्यासकट चटईवर फाट्! हातावर विभागला गेल्याने दणका डोक्यापर्यंत जात नाही. एका वडिलांनी कुरकुर केली, "सर, फी भरून पोरगं नुसतं पडतंय." सरांनी स्वतः त्या पोराला पकड दिली, त्याच्या हातून चारदा आपटून घेतलं आणि उठून म्हणाले, "बघा, मी अजून पडतोच आहे."

"मुलींना झेपत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव. फुकुदा हाडवैद्यांची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये कोडोकानमध्ये आली आणि २०११ मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने तिला दहावा दान दिला. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांनाही हा खेळ वर्ज्य नाही. त्यांची लढत पकड धरूनच सुरू होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने अशाच लढतीत कांस्य जिंकलं. पॅरालिंपिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक.

तेव्हा मुलाला क्लासला घालण्याआधी एक संध्याकाळ चटईच्या कडेला बसून पाहा. नवी पोरं पडायला शिकताना दिसली तर खुशाल फी भरा. पहिल्याच दिवशी त्यांना कोणी उचलून आपटत असेल, तर प्रशिक्षकाच्या कमरेला कुठलाही पट्टा असो, पोराला घेऊन घरी या.