आधी फरशी, मग टायर. मोटर सगळ्यात शेवटी

छंदाचं यंत्रघर : भाग ६

मागच्या भागात आपण रिमोट आणि रिसीव्हर उघडून पाहिले. आज गाडी जमिनीवर ठेवायची आहे.

माझ्या भाच्याकडे एकास सोळा प्रमाणातली ड्रिफ्ट गाडी, म्हणजे वळणावर आडवी सरकवायची रिमोटची गाडी आहे. पांढरी-काळी, चौकोनी तोंडाची, दारावर जपानी अक्षरं. घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी तो ती काखेत धरून आमच्याकडे आला. "मामा, मोटर कमजोर हाये हिची. वळणावर सरकतच नाही. मोठी टाकून देऊ." साठवलेले पैसेही त्यानं सोबत आणले होते. गाडी तो घरापुढच्या अंगणात चालवत होता आणि ते अंगण खरखरीत काँक्रीटचं, पावसाळ्यात पाय घसरू नये म्हणून ओलं असतानाच झाडूच्या रेघा ओढलेलं. पैसे खिशात ठेव म्हटलं आणि त्याला ओळखीच्या एका गोदामात घेऊन गेलो. हंगामात तिथं कापसाच्या गंज्या लागतात, उन्हाळ्यात ते रिकामं असतं. पोती ओढून-ओढून तिथला कोबा काचेसारखा झालेला. तीच मोटर, तीच बॅटरी. ट्रिगरवर बोट जरासं दाबलं, चाकं वळवली, आणि गाडी आडवी होऊन सरकत गेली. पोरगं दहा मिनिटं काही बोललं नाही, नुसतं चालवत राहिलं.

एवढ्यात मुख्य गोष्ट आली. ड्रिफ्ट गाडीची पहिली सुधारणा गाडीत करायची नसते, गाडीखाली करायची असते. आमच्या आर्णीसारख्या गावी हा छंद धरणाऱ्यांचे निम्मे पैसे चुकीच्या जागी जातात, कारण गाडी सरकत नाही म्हटलं की प्रत्येकाचं बोट मोटरकडे जातं.

सरकण्यामागचं कारण समजून घेऊ. टायरच्या पकडीला मर्यादा असते. गाडीला पुढं ढकलायला तीच पकड लागते आणि वळणावर बाहेर फेकली जाऊ न देता धरून ठेवायलाही तीच. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पकड पुढं ढकलण्यातच खर्च होते, बाजूला धरायला काही उरत नाही आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. खरखरीत जमिनीवर पकड इतकी असते की ती सोडवायला मोठी ताकद लागते. त्यासाठी मोठी मोटर टाकली तर पकड सुटते खरी, पण सुटते ती झटक्यानं आणि परत बसतेही झटक्यानं. गाडी सरकण्याऐवजी उड्या मारते, कोलांटते, पुढच्या सस्पेन्शनचा हात मोडतो. गुळगुळीत जमिनीवर लहान मोटर तीच पकड हलक्या हातानं सोडवते, आणि ती सुटलेली राहते.

आता शेपटी बाहेर निघाल्यावर काय करायचं? हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागू नये. जुलैत काळ्या रानातल्या पांदणीनं मोटरसायकल काढलेल्या माणसाला ते ठाऊक आहे. मागचं चाक चिखलात डावीकडे गेलं की हँडल आपोआप डावीकडे वळतं. घाबरून ते उजवीकडे ओढणारा आडवा पडतो, वळू देणारा निघून जातो. शेपटी ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला पुढची चाकं वळवायची, याला काउंटर स्टिअरिंग म्हणतात. पांदणीत आपण ते जीव वाचवायला करतो. ड्रिफ्टमध्ये तेच मुद्दाम, वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत करत राहायचं.

मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत हे सत्तरच्या दशकात जपानच्या कुनिमित्सु ताकाहाशी यांनी गाजवलं. त्यांना पाहून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तेच करू लागले. १९८७ साली त्यांची 'प्लसपाय' ही चित्रफीत निघाली आणि ड्रिफ्ट हा शब्द जपानभर झाला. त्सुचियांची आवडती गाडी टोयोटाची एई८६. कंपनीनं ती १९८३ ते १९८७ या काळात बनवली. इंजिन जेमतेम १६०० सीसीचं, वजन हलकं, जोर मागच्या चाकांना. पुढं १९९५ साली शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा सुरू झाली. तिच्यातला मुलगा वडिलांच्या दुकानातला टोफू पहाटे घाट चढून पोचवतो, ते याच गाडीनं. माझ्या भाच्याच्या गाडीच्या दारावर जी अक्षरं आहेत ते त्या टोफूच्या दुकानाचं नाव. नवशिक्यांसाठीच्या कितीतरी गाड्यांना हीच बॉडी असते. तिची निवड मला योग्य वाटते, कारण खुद्द मूळ गाडीही ताकदीसाठी प्रसिद्ध नव्हती.

तर पहिलं काम फरशी शोधण्याचं. घोटलेला कोबा सर्वांत चांगला. गुळगुळीत टाइल्सही चालतात, फक्त सांधे वर आलेले नकोत. न घासलेली शहाबादी फरशी नको. डांबर तर नकोच, ते टायर खाऊन टाकतं. शिवाय डांबर म्हणजे रहदारीचा रस्ता, आणि तिथं खेळण्याची गाडी काढणं म्हणजे पोराला ट्रकपुढं उभं करणं. जागा मिळाली की आधी झाडून घ्या. मातीचा थर असेल तर गाडी एका कोपऱ्यात एक वागते, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरंच, आणि चूक हाताची की जमिनीची हे कळत नाही.

दुसरं काम टायरचं. ड्रिफ्टचा टायर रबराचा नसतो, कडक प्लास्टिकचा असतो. एकास दहा गाडी रबरी टायरांसह आली असेल तर ऑनलाइन मागवण्याआधी ठिबक-तुषारच्या दुकानात जा. साध्या रस्त्याच्या टायरचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटरच्या आसपास असतो. ६३ मिमीचा पाइप आपल्याकडे शेताशेतात आहे. त्याचा आतला व्यास दोन-चार मिमीनं कमी भरतो, म्हणून रबरी टायर दाबून आत घातला की घट्ट बसतो. पातळ भिंतीचा पाइप घ्या, जाड भिंतीच्या पाइपात टायर जात नाही. टायरच्या रुंदीएवढे, साधारण २६ मिमीचे, चार तुकडे कापायचे. कापायच्या जागी पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेनं पेननं रेघ मारा, म्हणजे हॅक्सॉ तिरका जात नाही. कडा पॉलिश पेपरनं घासा. चारही तुकडे एकाच पाइपातले हवेत. मी पहिल्यांदा दोन वेगवेगळ्या तुकड्यांतून कापले आणि एका बाजूनं गाडी सतत ओढत होती. कारण सापडायला आठवडा गेला. पीव्हीसी आणि तुषारचा काळा एचडीपीई पाइप, दोन्ही करून पाहा. एचडीपीई मऊ असतो. दोघांचा फरशीवरचा आवाजसुद्धा वेगळा येतो.

यालाच जोडून एक गोष्ट. बैलगाडीची दोन चाकं कण्यावर सुटी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी, आणि बैलांना ओढ बसत नाही. मोटारीत हेच काम डिफरेन्शियल करतो. ड्रिफ्ट गाडीत मागचा डिफरेन्शियल बांधून टाकतात, दोन्ही चाकं एकत्रच फिरली पाहिजेत. नाहीतर कमी पकड असलेलं एकच चाक गरगरतं आणि दुसरं स्वस्थ राहतं. तुमच्या गाडीचं एक मागचं चाक हातानं फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफरेन्शियल मोकळा आहे, त्याच दिशेनं फिरलं तर बांधलेला.

इथपर्यंतचा खर्च चहा-नाश्त्याएवढा आहे. आता पैसे लागतील, म्हणून त्याआधी एक तपासणी करा. बॉडीच्या क्लिपा काढा आणि पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होच्या तारा मोजा.

तीन तारा निघाल्या तर गाडी छंदाच्या दर्जाची आहे. सर्व्हो, रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, सगळं सुटं आणि सर्वमान्य मापाचं. एक काढून दुसरं बसतं. पाच तारा निघाल्या तर त्यातल्या दोन सर्व्होतल्या मोटरच्या आणि तीन चाक किती वळलं हे सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या. म्हणजे सर्व्होचा मेंदू सर्व्होत नाही, मधल्या सर्किटच्या एकाच हिरव्या पाटीवर आहे. त्याच पाटीवर रिसीव्हर आणि त्याच पाटीवर ईएससी. अशा गाडीला बाजारातला चांगला सर्व्हो जोडता येत नाही, जायरोही (तो काय, ते पुढं येतं) जोडता येत नाही. जोडायचं तर अख्खी वीजव्यवस्था बदलावी लागते आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या पुढं जातो. भाच्याच्या गाडीत पाच तारा निघाल्या. त्याला मी सांगितलं, हिला फक्त टायर आणि बेअरिंग. बाकीचे पैसे पुढच्या गाडीसाठी साठव. त्याला वाईट वाटलं. पण हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि आर्णीतल्या बाबा कंबलपोष यांच्या उर्सातल्या खेळण्यांच्या दुकानापासून ते ऑनलाइन पानांपर्यंत दोन्ही प्रकारच्या गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. छंदाच्या दर्जाच्या गाड्या बहुतेक आयात होतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ साली ७० झालं. म्हणून घेण्याआधीच तारा मोजायला सांगतो आहे.

तीन तारांची गाडी असलेल्यांनी पुढचा पैसा सर्व्हो आणि जायरोत घालावा. जायरो ही काडेपेटीहून लहान डबी. गाडीचं नाक किती वेगानं फिरतं आहे हे ती मोजते आणि आपल्या बोटाच्या आधी पुढची चाकं उलट वळवते. चारही चाकांना जोर असलेली गाडी तिच्याविना चालते, म्हणून नवशिक्याला ती सोपी. फक्त मागच्या चाकांना जोर असलेली गाडी जायरोशिवाय सावरणं फार अवघड. जायरो चांगले झाले तसे लोक मागच्या चाकांच्या गाड्यांकडे वळले, आणि योकोमो या जपानी कंपनीची वायडी-२ ही तशी गाडी जगभर पोचली.

जायरो बसवल्यावर गाडी हातात उचला आणि नाक झटकन उजवीकडे फिरवा. पुढची चाकं डावीकडे वळली पाहिजेत. उजवीकडे वळली तर दिशेचं बटण उलटं आहे. तसंच चालवलं तर गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. मग गेन, म्हणजे जायरोनं किती जोरानं हस्तक्षेप करायचा ते. शून्यापासून हळूहळू वाढवा. सरळ जाताना पुढची चाकं थरथरू लागली की एक घर मागं या. तीच तुमच्या गाडीची जागा. सर्व्हो जुन्या ॲनालॉग पद्धतीचा असेल तर जायरोवरची डिजिटलची सेटिंग लावू नका, सर्व्हो तापून जळतो. नवा घेताना ताकदीपेक्षा चपळाई पाहा: ६० अंश वळायला ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी.

बॅटरीबद्दल मी आग्रहानं सांगतो आहे, ते आपल्या उन्हामुळे. दोन सेलचा लिपो पॅक ७.४ व्होल्टचा, पूर्ण भरला की ८.४. प्रत्येक सेल ३.२ च्या खाली जाऊ देऊ नये. ईएससीवर जुन्या निकेल बॅटरीची सेटिंग राहिली असेल तर तो पॅक त्याच्याही खूप खाली जाईपर्यंत गाडी थांबवत नाही. पहिल्याच दिवशी ते तपासा. चार्जिंग पॅकच्या क्षमतेइतक्याच अँपियरनं. १५०० एमएएचचा पॅक असेल तर दीड अँपियर. समोर बसून, फरशीवर, गादीवर कधीच नाही. वापरायचा नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. मागच्या मे महिन्यात पूर्ण भरलेला पॅक पत्र्याच्या खोलीत राहिला आणि चौथ्या दिवशी उशीसारखा फुगलेला सापडला. फुगलेला पॅक टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. घराबाहेर वाळूच्या डब्यात ठेवा. घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. तो कचऱ्यात पेटला तर भाजेल तो सफाई कामगार.

बेअरिंगचं थोडक्यात. स्वस्त गाडीत चाकांच्या दांड्याला प्लास्टिकच्या बुशा असतात, त्या काढून बॉल बेअरिंग टाका. आणि इथली एक खास गोष्ट: कापसाच्या जागेत गाडी चालवली की रुईचे तंतू दांड्याला गुंडाळतात. बाहेरून काही दिसत नाही. चाक काढलं की आत करड्या, तेलकट दोऱ्याचं कडं दिसतं. गाडी हळू झाली, मोटर तापू लागली की आधी चिमट्यानं ते काढा. कित्येकदा मोटर बदलण्याचं कारणच तिथं संपतं.

राहिली मोटर. हे सगळं झाल्यावर, आणि अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीभोवती दोन्ही दिशांना दहा-दहा फेऱ्या बाटली न पाडता जमल्यावर, तेव्हाही ती कमी वाटली तर बदला. सेन्सर असलेली ब्रशलेस घ्या, ती अगदी मंद वेगालाही धक्के न देता फिरते. नावातला टर्नचा आकडा लहान तर मोटर वेगवान. नवशिक्याला १३.५ पुरते.

भाच्यानं पाच तारांच्या त्या गाडीवर एक अख्खा उन्हाळा काढला. बाटलीभोवतीच्या फेऱ्या त्याला जमतात, डावीकडून अजून चुकतात.

पुढच्या भागात बॉडी. ती पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि आतल्या बाजूनं रंगवतात, म्हणून गडद रंग आधी मारायचा, फिका नंतर. तोवर क्लिपा काढून तारा मोजून ठेवा.