खुर्ची प्रभाऱ्याची, शिक्का कोणाचा?

विद्यापीठाच्या संशोधन विभागाचा संचालक निवृत्त झाला अथवा अन्यत्र रुजू झाला, की त्याच सायंकाळी एक परिपत्रक निघते. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ अमुक प्राध्यापकांकडे संचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे, एवढाच त्यातील मजकूर. हे पुढील आदेश केव्हा निघावयाचे, प्रभारी संचालकाने कोणत्या कागदावर सही करावयाची आणि कोणता बाजूस ठेवावयाचा, याविषयी परिपत्रक मौन पाळते.

महाराष्ट्राला प्रभारी कारभार नवा नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये मुंबई विद्यापीठाचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे गेला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा कोल्हापूरच्याच कुलगुरूंकडे, डॉ. दिगंबर शिर्के यांच्याकडे, आला. पुण्यात 2022 च्या मे महिन्यापासून डॉ. कारभारी काळे प्रभारी होते. दोन्ही विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू लाभले ते 2023 च्या जूनमध्ये. जेथे कुलगुरूंच्या आसनाची ही कथा, तेथे एका विभागाच्या संचालकाची काय पत्रास, असे कोणी म्हणेल. परंतु कुलगुरूपद रिकामे राहिले तर निदान वर्तमानपत्रांतून ओरड होते. संशोधन विभाग निर्नायकी झाल्याची वार्ता त्या इमारतीबाहेरही जात नाही.

वास्तविक या विभागाचे काम रुक्ष आहे, पण ते मुदतीने बांधलेले आहे. उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज अनुदानाचा पुढील हप्ता येत नाही; हप्ता अडला की प्रकल्पावर काम करणाऱ्या तरुणाची अधिछात्रवृत्ती अडते. केंद्र शासनाने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 31,000 रुपयांवरून 37,000 रुपयांवर नेली हे खरेच. पण वाढलेली रक्कम काय किंवा जुनी काय, ती हाती पडावयाची तर कोणाची तरी सही लागते. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल पुढील आदेशांची वाट पाहत नाही. पेटंटची गोष्ट याहूनही कठोर आहे. तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज दाखल केल्यापासून बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल झाला नाही, तर तो अर्ज सोडून दिला असे भारतीय पेटंट कायदा मानतो. वकिलाच्या शुल्काला मंजुरी द्यावी की नको, या विवंचनेत प्रभारी संचालकाने तीन महिने घालविले, तर एखाद्या प्राध्यापकाच्या पाच वर्षांच्या श्रमांवर पाणी पडू शकते. संचालक प्रभारी होता, ही सबब पेटंट कार्यालयात चालत नाही.

दोष त्या बिचाऱ्या प्राध्यापकाचा नसतो. आपले वर्ग, आपले विद्यार्थी आणि आपली प्रयोगशाळा सांभाळून तो हे ओझे उचलतो, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर आपल्या पाठीशी कोण उभे राहील, ही धास्ती त्यास असते. शिवकाळात प्रधान मोहिमेवर गेले म्हणजे त्यांचे मुतालिक कारभार पाहत. परंतु मुतालिकाच्या हाती शिक्काही असे. आपण मुतालिकास गादीवर बसवितो आणि शिक्का मात्र पेटीत कुलूपबंद ठेवतो.

हंगामी माणसाकडून भरीव काम होतच नाही, हा समज बरोबर नव्हे. 2023 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची धुरा आरंभी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव डॉ. अभय करंदीकर यांनी हंगामी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून वाहिली. त्याच काळात, 2024 मध्ये, तरुण संशोधकांसाठी अनुदानाची नवी योजना जाहीर होऊन अर्जही मागविले गेले. पूर्णवेळ अधिकारी डॉ. शिवकुमार कल्याणरामन नंतर आले. केंद्रीय सचिवाची आणि विद्यापीठातील प्राध्यापकाची बरोबरी होत नाही, हे उघड आहे. तथापि एकाजवळ अधिकार होता आणि दुसऱ्याजवळ नसतो, एवढा भेद तरी त्यातून दिसावा.

म्हणून नेमणुकीच्या आदेशातच मुदत लिहावी. सहा महिने पुष्कळ झाले. खर्चास मंजुरी देण्याची मर्यादा आकड्यांत लिहावी. कायम पदाची जाहिरात कोणत्या तारखेस निघेल, तेही त्याच कागदावर यावे. प्रभारी व्यक्तीने कायम पदासाठी अर्ज करू नये, असा एक आग्रह धरला जातो. तो वरकरणी नैतिक वाटतो, पण आपल्या विद्यापीठांत या कामाची जाण असलेली माणसे मुळात मोजकी. त्यांतील उत्तम माणूस या अटीमुळे कार्यभारच नाकारील. आपण उमेदवार आहोत की नाही हे त्याने पहिल्याच दिवशी सांगावे, एवढे पुरे. मात्र स्वतःच्या किंवा स्वतःच्या विभागाच्या प्रकल्पाला विद्यापीठाचा बीजनिधी देण्याचा प्रश्न आला की त्याने बैठकीतून उठून जावे. येथे सवलत नको.

आणखी एक साधे काम मावळत्या संचालकाने करावयाचे असते: कोणत्या प्रकल्पाचा हिशेब कधी द्यावयाचा, कोणत्या अर्जाची मुदत कधी सरते, कोणाची अधिछात्रवृत्ती किती महिने थकली आहे, याची दोन पानी यादी करून ठेवण्याचे. ही यादी बहुतेक ठिकाणी कागदावर नसते. ती एखाद्या जुन्या वरिष्ठ लिपिकाच्या डोक्यात असते, आणि पुष्कळदा तोही त्याच वर्षी निवृत्त व्हावयाचा असतो.