अलिबागची वाहतूक आणि सुरक्षा: जबाबदारी कोणाची?

अलिबागमधील वाहतूक आणि सार्वजनिक सुरक्षेची जबाबदारी एका कार्यालयाकडे नाही. 1965च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार शहरातील रस्ते, दिवाबत्ती आणि रस्त्यांवरील अडथळे हटवणे ही नगरपरिषदेची कामे आहेत. वाहनचालकांवरील दंडात्मक कारवाई मात्र वाहतूक पोलीस करतात. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 115नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. रायगडात असे आदेश जिल्हाधिकारी काढतात. वरसोली, नागाव, आक्षी ही पर्यटकांनी गजबजणारी गावे ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात, आणि वडखळ-अलिबाग हा तर राष्ट्रीय महामार्ग. त्यामुळे शनिवार-रविवारची कोंडी एकट्या नगरपरिषदेला सुटणारी नाही.

समुद्राचा धोका वेगळाच. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, पण भरती सुरू झाली की परतीची वाट पाण्याखाली जाते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगडातल्याच मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील 14 विद्यार्थी बुडाले. किनाऱ्यावर जीवरक्षक, सूचनाफलक आणि भरती-ओहोटीच्या वेळा ठळक दिसणे किती निकडीचे आहे, हे त्या दिवसाने दाखवले. पर्यटकांनी भरतीची वेळ विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे.