मुदत

अकोल्याला बदली झाली तेव्हा बिऱ्हाड अमरावतीलाच ठेवले. तीन वर्षे शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याकडे येणारी गाडी धरायची, सोमवारी पहाटे परतायचे. आई ओसरीवर बसलेली असे. म्हणायची, "हप्ता सरता सरत नाई बाप्पा." मला मात्र बँकेच्या रगाड्यात आठवडा कधी सरला ते कळत नसे.

निवृत्तीनंतर सापेक्षतेवरचे वाचन सुरू केले आणि म्यूऑन भेटला. विश्वकिरण हवेवर आदळले की सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर हा कण जन्मतो. त्याचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद. मुदत ठेवीचा हिशेब करणाऱ्या माणसाला हे लगेच खटकते. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात तो साडेसहाशे मीटरच्या आसपासच जाणार. पण प्रत्यक्षात जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पोहोचतो. आपल्या अंगणातही.

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ सालीच लिहिले होते, की विश्वकिरणांतल्या अशा अल्पायुषी कणाचे विघटन म्हणजे एक घड्याळच. कण धावता असेल तर ते लांबलेच पाहिजे. १९४१ मध्ये ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत मोजणी करून हे दाखवून दिले. प्रकाशाच्या ९९.९५ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनची मुदत आपल्या घड्याळात सुमारे बत्तीसपट, म्हणजे सत्तर मायक्रोसेकंदांची होते. तेवढ्यात तो खाली पोहोचतो.

गंमत पुढेच आहे. म्यूऑनला जादा आयुष्य मिळालेले नसते. त्याच्या स्वतःच्या घड्याळात ते २.२च. त्याच्या लेखी आकुंचन पावते ते अंतर. पंधरा किलोमीटरांचे अर्धा किलोमीटरही उरत नाही. काळ लांबतो तो खाली उभे राहून मोजणाऱ्याचा.

हे वाचले आणि ओसरी आठवली. जुनी सवय, कागद घेऊन हिशेब मांडला. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, खेपा तीनशे. वेगामुळे माझे घड्याळ आईच्या घड्याळाहून तीन वर्षांत तीन नॅनोसेकंदही मागे पडलेले नव्हते.

म्हणजे आईचे ते लांबलेले आठवडे आइन्स्टाइनच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ते माझ्याच नावे आहेत. आई आता नाही. ती बाकी फेडायची मुदतही टळून गेली आहे.